गाऱ्हाणं: कोकणातला देव आणि कादंबरीतली शंका

रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशात सगळ्यात वर, सावित्रीच्या खाडीला पाठ टेकून मंडणगड तालुका बसला आहे. शिमग्यात इथे या. ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून उठते, वाडीवाडीतून फिरते आणि चक्क घरात येते. ओटीवर टेकते, नारळ घेते, ओटी भरून घेते. ढोल वाजतात. मुंबईहून आलेला चाकरमानी रजेची काळजी विसरून पालखी खांद्यावर नाचवतो.

जो देव मागच्याच आठवड्यात आपल्या ओटीवर येऊन गेला, त्याच्या असण्यावर शंका कशी घ्यायची?

आधुनिक कादंबरीतल्या श्रद्धा-अश्रद्धेवर बोलायला लागलं की लोक डब्लिन, प्राग, पॅरिस अशी नावं घेतात. माझं म्हणणं आहे की हाच विषय मंडणगड, दापोली, खेड आणि खाली वेंगुर्ल्यापर्यंत वेगळ्याच अंगाने फुलला आहे. युरोपातल्या लेखकाला देव सापडेनासा झाला. कोकणातल्या लेखकाला देवाचा पत्ता ठाऊक होता, म्हणून तो थेट जाब विचारायला गेला. या भांडणाच्या काही गमती, काही नवल वाटाव्या अशा गोष्टी इथे एकत्र केल्या आहेत.

प्रार्थनेचं नावच तक्रार

कोकणात देवासमोर जे घालतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात. शब्दाचा अर्थ सरळ आहे: तक्रार. गुरव किंवा गावचा मानकरी देवळात उभा राहतो, गावाचं नाव घेतो, अडचण सांगतो, मागणी मांडतो आणि प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं ‘होय महाराजा’ म्हणून दुजोरा देतात. म्हणजे एक फिर्यादी, शंभर साक्षीदार. देवाला ‘महाराजा’ म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात ‘तू’ म्हणायचं, ही सलगी मला फार मोलाची वाटते. घरातल्या थोरल्यांना ‘अहो’, देवाला ‘अरे’. जिथे भाषेनेच देवाशी भांडायची मोकळीक दिली आहे, तिथली कादंबरी देवाबद्दल कुजबुजत कशाला बोलेल?

पुढचं पाऊल म्हणजे कौल. देवाच्या पाषाणाला कळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि वाट बघायची. बहुतेक ठिकाणी उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. मनासारखं उत्तर आलं नाही तर प्रश्न फिरवून पुन्हा कौल लावतात. एकदा विचारून गप्प बसायचं, असा नियम नाही.

आणि शक्ती-तुरा! मंडणगड-दापोली-खेड पट्ट्यात जाखडीची रात्र रंगते तेव्हा एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. वाद काय, तर श्रेष्ठ कोण, शक्ती की शिव? पायात घुंगरू, मृदंगाचा ठेका, आणि पुराणातले अवघड सवाल एकमेकांच्या तोंडावर. शेतात राबणारी, गोदीत आणि गिरणीत कामाला गेलेली माणसं रात्रभर धर्मशास्त्राचा वाद गाऊन करत आली आहेत. मुंबईच्या नाट्यगृहांतही याला तिकीट काढून गर्दी होते. कादंबरी इथे पोचली, तेव्हा प्रश्न विचारायची सवय अंगात भिनलेली होती.

एकच साल, 1935

हा योगायोग पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मंडणगड तालुक्यात आंबडवे नावाचं गाव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं हे मूळ गाव. आंबडवेकर या गावावरून आलेल्या आडनावाचंच पुढे आंबेडकर झालं. शेजारच्या दापोली तालुक्यात पालगड. तिथे 24 डिसेंबर 1899 रोजी पांडुरंग सदाशिव साने जन्मले, म्हणजे आपले साने गुरुजी.

1935 च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ पुस्तकरूपाने आलं. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो असलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. एकाच मातीतली दोन माणसं. एकाने आईच्या श्रद्धेचं पुस्तक महाराष्ट्राच्या हाती दिलं, दुसऱ्याने त्याच वर्षी तो धर्म सोडायचा निर्धार सांगितला.

घाईने वाचणाऱ्याला वाटतं, इकडे श्रद्धा, तिकडे नकार. पण ‘श्यामची आई’ पुन्हा उघडा. नाशिकच्या तुरुंगात 1933 च्या फेब्रुवारीत, अवघ्या पाच दिवसांत लिहिलेलं हे पुस्तक. त्यात एक प्रसंग आहे. रस्त्यात एका म्हाताऱ्या दलित बाईची मोळी पडली आहे आणि ती उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी दे. आणि सोबत हेही सांगते की घरी आल्यावर अंघोळ कर. आईच्या मनात करुणा आहे आणि सोवळंही आहे, दोन्ही एकाच वाक्यात. तो मुलगा मोठा झाला आणि त्याने त्या वाक्यातला दुसरा भाग गाळून टाकला. 1947 च्या मे महिन्यात, पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी उपोषणाला बसले. 1 मे ते 10 मे. दहा दिवसांनी दार उघडलं.

डब्लिनचा लेखक जेम्स जॉइस याची आई 1903 साली वारली. तिच्या श्रद्धेपुढे मान न तुकवल्याचा सल त्याच्या लेखनात खोल रुतून बसला. 1916 च्या कादंबरीत त्याचा नायक स्टीफन ईस्टरचा विधी करायला आईला नकार देतो. 1922 च्या ‘युलिसिस’मध्ये मेलेली आई त्याच्या मागे लागते. साने गुरुजींची आई 1917 साली गेली. दोन्हीकडे मुलगा आणि आई, दोन्हीकडे आईचा देव. डब्लिनच्या मुलाने गुडघे टेकायला नकार दिला. पालगडच्या मुलाने आईचा देव घेतला आणि त्या देवाचं दार इतरांना उघडावं म्हणून स्वतः उपाशी राहिला. दोघांपैकी कोणाची शंका जास्त खोल, याचा निवाडा मला करवत नाही. पण गुरुजींना ‘भाबडे’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं कायमचं भांडण आहे.

बाबासाहेबांचंही ‘अश्रद्ध’ या एका शब्दात भागत नाही. त्यांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी. घरात रामायण-महाभारताचं वाचन व्हायचं. ही पुस्तकं आम्ही का वाचायची, असं लहानग्या भीमरावाने वडिलांना विचारलं होतं, आणि ही आठवण त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. परीक्षा पास झाल्याच्या सत्काराला कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र भेट दिलं. केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे. म्हणजे कोकणातल्या एका लेखकाने कोकणातल्या एका मुलाला पुस्तक दिलं, आणि पुढे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखोंनी धम्म स्वीकारला. येवल्याची घोषणा आणि नागपूरची दीक्षा यांत 21 वर्षं गेली. शंका आली म्हणून लगेच पाठ फिरवली, असं नाही; 21 वर्षं वाचन, तुलना, पारख चालली. या पारखेचं सार ज्यात आहे ते ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झालं.

धर्मांतरानंतर कोकणातल्या घरात, चुलीपाशी, बायकांच्या बोलण्यात काय काय बदललं हे पाहायचं तर ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ वाचा. 2003 चं हे आत्मकथन. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणून घर चालवायची.

एका मिशन शाळेची करामत

दापोलीला ख्रिस्ती धर्मप्रसारासाठी स्थापलेल्या संस्थेची शाळा होती. तिथे शिकून कोण बाहेर पडलं? पांडुरंग वामन काणे, ज्यांनी पुढे धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. आणि साने गुरुजी, ज्यांनी पंढरपूरचं दार उघडायला लावलं. एकाने हिंदू धर्माची सारी वही तपासली, दुसऱ्याने त्यातली एक ओळ खोडली. शाळा काढणाऱ्यांच्या मनात हे नक्कीच नसणार.

भारतरत्नांचा हिशोबही ऐकण्यासारखा आहे. मुरूडला वाढलेले धोंडो केशव कर्वे यांना 1958 साली, काण्यांना 1963 साली आणि आंबडव्याच्या आंबेडकरांना 1990 साली. पहिल्याने विधवेशी लग्न करून धर्माच्या रूढीला आव्हान दिलं, दुसऱ्याने धर्मग्रंथ पिंजून काढले, तिसऱ्याने धर्मच बदलला. बाबासाहेबांचंही बालपण काही काळ दापोलीत गेलं. मंडणगडहून दापोलीची एस.टी. पकडली की या सगळ्या माणसांच्या मातीतून जाता येतं.

मराठी कादंबरीचं बारसंच शंकेने

‘यमुनापर्यटन’, 1857. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींनी लिहिली. जन्माने हिंदू, मनाच्या मोठ्या झगड्यानंतर ख्रिस्ती झालेले. विषय, विधवांचं दुःख. म्हणजे मराठी कादंबरीने पहिलं पाऊल टाकलं तेच ‘हा कसला धर्म?’ असं विचारत.

सावित्री ओलांडून रायगडात शिरलं की तळे गाव लागतं. तिथे 1882 साली जन्मलेल्या वामन मल्हार जोशींनी 1930 साली एका कादंबरीला नाव दिलं ‘सुशीलेचा देव’. अख्ख्या कादंबरीचं कथानक म्हणजे एका बाईच्या मनातला देव कसकसा बदलत गेला याची गोष्ट. मूर्तीतला देव, मग विचारातला देव, मग माणसांच्या भल्यात दिसणारा देव. त्या काळी बाईला देव कसा असावा हे नवरा, सासू आणि भटजी ठरवायचे. वामनरावांनी षष्ठी विभक्तीचा एक प्रत्यय लावून तो देव सुशीलेच्या मालकीचा केला. नावातच क्रांती आहे ही!

जाता जाता आणखी दोन नावं. ‘कोसला’ 1963 साली आली तेव्हा भालचंद्र नेमाडे पंचविशीत होते. कशावरच विश्वास न बसणाऱ्या त्यांच्या नायकाचं नाव पांडुरंग. आणि श्याम मनोहरांनी 1983 च्या कादंबरीचं नाव ठेवलं ‘हे ईश्वरराव… हे पुरुषोत्तमराव’. ईश्वराला ‘राव’ लावून शेजारच्या खोलीत राहायला आणणारी भाषा मराठीच.

मुर्डीचे पेंडसे आणि तुंबाडचा देव

श्री. ना. पेंडसे 5 जानेवारी 1913 चे, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. नोकरी मुंबईत ‘बेस्ट’मध्ये, मन कायम हर्णै-आसूदच्या पाखाडीवर. ‘गारंबीचा बापू’ 1952 साली आली. गावाने ज्याच्या जन्माबद्दलच कुजबूज केली असा बापू, आणि त्याच्यासोबत उभी राहणारी राधा. गाव त्यांना धर्माच्या नावाने वाळीत टाकतं. बापूची लढाई देवाशी नाहीच. देवाच्या नावावर सही करणाऱ्या खोतांशी आणि भटांशी आहे. हा फरक पेंडशांनी अचूक पकडला. रंगभूमीवर काशिनाथ घाणेकरांनी बापू उभा केला आणि तो घराघरात पोचला.

पेंडशांची दोन खंडांची ‘तुंबाडचे खोत’ 1987 ची. तुंबाड खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. 2018 साली ‘तुंबाड’ चित्रपट आला तेव्हा कित्येकांना वाटलं की हीच कादंबरी पडद्यावर आली. तसं नाही. नाव तुंबाडचं, पण कथेचं बीज नारायण धारपांच्या ‘आजी’ या भयकथेतलं. चित्रपटात हस्तर नावाचा देव आहे, हावरट, ज्याची पूजा कधीच करायची नाही अशी अट घालून त्याला वाचवलं आहे. कोकणच्या कुठल्याही देवळात हा देव नाही. तो चित्रपटासाठी रचलेला आहे. पण ‘पूजा केली की अनर्थ होतो’ ही कल्पना कोकणी माणसाला परकी वाटली नाही. का, ते पुढच्या गोष्टीत आहे.

देव भेटला तर काय?

आता मला सगळ्यात जवळच्या लेखकाकडे येऊ दे.

चिंतामण त्र्यंबक खानोलकर, जन्म 8 मार्च 1930, वेंगुर्ल्याजवळ बागलांची राई. कवितेखाली नाव आरती प्रभू, गद्याखाली खानोलकर. कुडाळला खानावळ चालवायचे. पानं वाढणाऱ्या, उधारीच्या वह्या सांभाळणाऱ्या या माणसाने 1966 साली ‘कोंडुरा’ लिहिली.

वेंगुर्ल्याच्या बाजूला कोंडुरा नावाचा किनारा खरोखरच आहे. कादंबरीतला परशुराम घरात अपमान सोसून समुद्राकडे जातो. तिथे त्याला दर्शन घडतं. वरदान म्हणून एक मुळी मिळते. आणि ती मुळी काय करते? गर्भ पाडते.

थांबा आणि यावर विचार करा. युरोपातली कादंबरी विचारत होती, देव भेटला नाही तर माणसाने काय करायचं? स्पेनमधल्या मिगेल दे उनामुनोने 1931 साली असा पाद्री उभा केला की ज्याचा स्वतःचा विश्वास उडाला आहे, तरी गावाचा विश्वास टिकावा म्हणून तो प्रार्थना चालवत राहतो. काफ्काच्या ‘ट्रायल’मध्ये, जी त्याच्या मृत्यूनंतर 1925 साली आली, नायक कॅथेड्रलमध्ये जातो आणि कायद्याच्या दाराबाहेर आयुष्यभर थांबलेल्या माणसाची गोष्ट ऐकतो. आत जाता येत नाही, हे त्यांचं दुःख. खानोलकरांनी प्रश्न उलटा केला. देव भेटला, त्याने हातात काही दिलं, आणि ते पेलायची आपली लायकीच नसली तर? परशुरामाला दार उघडं मिळालं. तो आत गेला आणि उद्ध्वस्त झाला. कोणाला पाप म्हणायचं, कोणाचा गर्भ कलंकित ठरवायचा, हे सांगणारा आवाज दैवी की स्वतःच्या दबलेल्या वासनेचा, हे त्याला ओळखता येईना. श्रद्धेच्या पोटातच शंका घालून ठेवणारी अशी दुसरी कादंबरी मला मराठीत दिसत नाही.

श्याम बेनेगलांनी 1978 साली तिच्यावर चित्रपट केला, हिंदीत ‘कोंडुरा’ आणि तेलुगूत ‘अनुग्रहम्’. अनंत नाग परशुराम झाले. स्मिता पाटीलही त्यात होत्या. तो पाहायला खानोलकर नव्हते. 26 एप्रिल 1976 ला, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते गेले. ‘नक्षत्रांचे देणे’ या कवितासंग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तोही नंतरच, 1978 साली.

चपला झिजवणारा देव

त्याच वेंगुर्ल्यात आरवली. तिथला वेतोबा माणसापेक्षा उंच, आणि त्याला नवस म्हणून काय वाहतात? चामड्याच्या भल्यामोठ्या चपला, आणि केळ्यांचे घड. वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून चपलांचे तळ झिजतात, असं गाव सांगतं. जयवंत दळवी याच आरवलीचे. ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये त्यांनी अशा गावातल्या भाविक, भांडखोर, लबाड आणि प्रेमळ माणसांची जत्रा भरवली. पुढे ‘महानंदा’त देवाच्या सेवेच्या नावाखाली बाईला कसं बांधून ठेवलं जातं हे दाखवलं. ज्या हाताने गावाच्या देवावर माया केली, त्याच हाताने देवळाच्या आवारातला अन्याय लिहिला. दळवींची ही दोन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली की कोकणाचं सगळं मन हाती लागतं.

मठात कोंडलेला स्वामी

जी. ए. कुलकर्णी कोकणातले नव्हेत. जन्म बेळगाव भागातल्या एकसंब्याचा, आयुष्य धारवाडला इंग्रजी शिकवण्यात गेलं. पण त्यांना वगळून हा विषय पुरा होत नाही. ‘पिंगळावेळ’ 1977 चा संग्रह, त्यातली ‘स्वामी’ ही कथा. एका वाटसरूला मठात आदराने नेतात, खाऊपिऊ घालतात आणि तळघरात कायमचा कोंडतात. कारण लोकांना स्वामी हवा आहे. आत कोण आहे, त्याला काही साक्षात्कार झाला आहे का, याची कोणालाच फिकीर नाही. ही कथा मी तीनदा वाचली आहे आणि तिन्ही वेळा खोलीचं दार उघडं आहे ना, हे वळून पाहिलं आहे. याच जीएंनी ‘काजळमाया’ला मिळालेला अकादमी पुरस्कार प्रकाशनाच्या तारखेचा वाद निघताच परत केला होता.

येताय ना?

शिमग्याला मंडणगडला या. मुंबईहून गाड्या भरून येतात, तेव्हा आधी जागा राखून ठेवा. दिवसा आंबडव्याला जाऊन बाबासाहेबांच्या स्मारकासमोर उभे राहा, वाटेत पालगड करा, वेळ असेल तर आसूदच्या व्याघ्रेश्वराला जाऊन पेंडशांची पाखाडी चाला. रात्री कुठे शक्ती-तुरा असेल तर जागा, आणि पालखी ज्या घरी येणार असेल त्या घरच्यांना विचारून ओटीवर बसा; कोणी नाही म्हणणार नाही.

आणि एक विनंती. आपापल्या गावच्या वाचनालयात ‘कोंडुरा’, ‘सुशीलेचा देव’ आणि ‘आयदान’ ही तीन पुस्तकं आहेत का, एवढं या आठवड्यात जाऊन पाहा. नसतील तर ग्रंथपालांकडे लेखी मागणी करा.